अंतर तेच, अवधी निराळा

मुंबई आणि बंगळूर या दोन नगरांमधील हवाई अंतर सुमारे ८३० किलोमीटर आहे, आणि आजच्या वेळापत्रकात या प्रवासाचा अवधी पावणेदोन तासांच्या आसपास दिलेला असतो. या दोन संख्या शेजारी शेजारी छापलेल्या असल्या की त्या एकाच जातीच्या वाटतात. वास्तविक त्यांचे कूळ वेगवेगळे आहे. अंतर हे निसर्गाने घालून दिलेले असते. माणसाने ते फक्त मोजावयाचे. अवधी मात्र माणसाने घडवावा लागतो. अंतराच्या मागे भूगोल असतो, अवधीच्या मागे इतिहास. आणि हा इतिहास पाहू गेले असता एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. दक्षिण भारतातील अंतरे बिनचूक मोजण्याच्या महान उद्योगाची पहिली साखळी बंगळूरजवळ पसरली गेली, आणि अवधी कमी करणाऱ्या विमानाचा भारतीय कारखाना प्रथम उभा राहिला तोही बंगळुरासच. या कारखान्यामागे एक सोलापूरकर होता आणि त्याच्या आरंभीच्या अभियंत्यांत एक कोल्हापूरकर होता. मराठी माणसाला या प्रवासाचे अगत्य वाटावे, याचे हेही एक कारण आहे.

या दोन प्रदेशांमधील येणेजाणे काही विमानाबरोबर सुरू झालेले नाही. इ. स. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांचा मुक्काम बंगळुरास असे, आणि पुण्याची जहागीरही त्यांचीच होती. जिजाबाई आणि बालशिवाजी काही काळ बंगळुरास राहून इ. स. १६४२ च्या सुमारास पुण्यास परतले. त्या प्रवासाची दैनंदिनी उपलब्ध नाही; परंतु लवाजम्यासह निघालेल्या मंडळींची रोजची मजल पाच-सात कोसांची धरली, तर सह्याद्रीच्या पूर्वेकडून कृष्णा आणि तुंगभद्रा ओलांडीत पुण्यास पोहोचावयास सुमारे दीड महिना लागला असला पाहिजे. पावसाळ्यात नद्यांना उतार मिळाला नाही म्हणजे तोही हिशेब कोलमडे.

त्या काळी कोणी ‘बंगळूर किती दूर?’ असे विचारले असते, तर उत्तर मजलांत किंवा मुक्कामांत मिळाले असते. कोस हे माप होते खरे. पण एका प्रांताचा कोस दुसऱ्या प्रांताच्या कोसाशी जुळत नसे. म्हणजे अंतर मोजावयाचे ते अवधीने, अशी स्थिती होती. वाट किती लांब आहे हे वाटेला किती दिवस लागले यावरून ठरे. अंतर आणि अवधी यांची ही गाठ सुटावयास अठरावे शतक संपावे लागले.

इ. स. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि म्हैसूरचा मोठा मुलूख इंग्रजांच्या नजरेखाली आला. या मोहिमेत तेहेतिसाव्या पलटणीबरोबर विल्यम लँबटन नावाचा एक मितभाषी अधिकारी होता. गणित आणि ज्योतिष यांचा त्याला नाद होता. त्याने असा प्रस्ताव मांडला की, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे टाकून सर्व प्रमुख ठिकाणांची स्थाने अचूक ठरवावीत, आणि त्याच वेळी पृथ्वीच्या पाठीवरील एका अंशाची लांबी किती भरते हेही पहावे. आर्थर वेल्स्ली याच्या पाठिंब्याने तो मान्य झाला.

त्रिकोणमितीच्या मोजणीचे मर्म सोपे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. मग त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभारता येतात, आणि असे करीत करीत प्रत्यक्ष पाऊल न टाकता शेकडो मैल मोजता येतात. मात्र पहिली एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते. तिला पायारेषा म्हणतात. तिच्यात चूक झाली, तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते.

लँबटनने ही पायारेषा इ. स. १८०० च्या अखेरीस बंगळूरच्या पूर्वेकडील माळावर मोजली. तिची लांबी सुमारे साडेसात मैल होती. मोजणीचे साधन होते शंभर फुटांची पोलादी साखळी. अडीच अडीच फुटांच्या चाळीस दांड्या जोडून ती बनविलेली होती. या साखळीचा पूर्वेतिहासही चमत्कारिक आहे. ती मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेल्या उपकरणांपैकी. तेथे तिचा स्वीकार झाला नाही, म्हणून ती फिरत फिरत कलकत्त्यास आली आणि तेथून लँबटनच्या हाती पडली. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, उष्णतामापकाने तापमान पाहून, प्रत्येक वेळी हिशेबात दुरुस्ती करावी लागे. साडेसात मैलांसाठी ती साखळी जवळजवळ चारशे वेळा ताणून ठेवावी लागली. सावकाशपणे, न कंटाळता केलेल्या या कामातून दक्षिणेतील अंतरांच्या बिनचूक हिशेबाला आरंभ झाला.

कोन मोजण्यासाठी विलायतेहून मागविलेला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेला. पण हे शास्त्रीय उपकरण आहे असे कळताच तेथील गव्हर्नराने ते सन्मानाने परत पाठविले. इ. स. १८०२ मध्ये मद्रासजवळ नवी पायारेषा मोजून जाळे पश्चिमेकडे विणण्यात आले. इ. स. १८०४ मध्ये पडताळ्यासाठी बंगळूरजवळ पुन्हा साखळी टाकली, तेव्हा मद्रासकडून गणिताने आलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांहून कमी फरक आढळला. हे काम मंगळूरपर्यंत नेल्यावर असे दिसले की, जुन्या नकाशांवर मद्रास आणि मंगळूर यांच्यामध्ये जे ४०० मैल दाखविले होते ते प्रत्यक्षात ३६० मैलच आहेत. द्वीपकल्पाच्या रुंदीतून चाळीस मैल नाहीसे झाले. अर्थात जमीन आटली नव्हती. अंदाज आटला होता.

पुढे लँबटनने उत्तरेकडे आपली रेषा नेत नेत अवघे आयुष्य खर्ची घातले. २० जानेवारी १८२३ रोजी त्याचे निधन झाले ते विदर्भातील हिंगणघाट येथे. तेथेच त्याचे दफन झाले. बंगळूरच्या माळावर सुरू झालेले काम मराठी मुलखाच्या काळ्या मातीत त्याच्यापुरते थांबले.

या मोजणीचा आणि विमानप्रवासाचा संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. संबंध थेट आहे. विमान नदीला वळसा घालीत नाही की घाट चढत नाही. त्याला लागते ते दोन ठिकाणांचे सरळ अंतर, आणि ते काढावयाचे तर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीच्या एका अंशाची लांबी या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. त्या हाती आल्या की हिशेब शाळकरी मुलालाही जमतो. मुंबई १९ अंश उत्तरेस आहे, बंगळूर १३ अंशांवर. हा सहा अंशांचा फरक. अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले, तर ६६० किलोमीटर दक्षिणेकडे जाणे आले. रेखांशातला फरक पाच अंशांस थोडा कमी. या अक्षांशावर त्याचे सव्वापाचशेच्या आसपास किलोमीटर होतात. एक बाजू ६६०, दुसरी सव्वापाचशेच्या जवळपास, मधला कोन काटकोन. कर्ण काढला की ८४० च्या घरातील संख्या येते. विमानतळांची नेमकी स्थाने घेतली म्हणजे ती ८३० होते. रस्त्याने हेच अंतर सुमारे एक हजार किलोमीटर भरते आणि सोलापूर, वाडी, गुंटकल या लोहमार्गाने साडेअकराशेच्या आसपास. जमिनीवरून जाणाऱ्याला जो वळसा पडतो, तो विमानाचा पहिला लाभ.

आगगाडीने महिन्याचा प्रवास दिवसांवर आणला, हे तिचे श्रेय कोणी नाकारणार नाही. बंगळूरला आगगाडी आली ती १८६४ साली, मद्रासच्या बाजूने. पुढे सदर्न मराठा रेल्वेच्या मीटर मार्गाने पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी, हरिहर, अरसीकेरे अशी वाट खुली झाली. मुंबईचा प्रवासी रुंद मार्गाने पुण्यास येई, तेथे गाडी बदली आणि वळकटी व फिरकीचा तांब्या सांभाळीत पुढे जाई. एक रात्र तरी गाडीत काढावीच लागे. तरीही शहाजीराजांच्या काळच्या दीड महिन्याशी तुलना करता ही केवढी झेप!

दुसरी झेप आकाशात घ्यावयाची होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर आणले. त्यात होती टपाल. तेथून नेव्हिल व्हिन्टसेंट हा वैमानिक ती टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासला गेला. दक्षिणेकडील हवाई मार्गाचा हा आरंभ. मात्र त्यात बंगळूर नव्हते. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठचा चिखल. पावसाळ्यात तेथे पाणी भरे, म्हणून हा सारा व्याप चातुर्मासात पुण्याला येरवड्याकडे हलवावा लागे. ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाचे ते विमान बंगळूरला गेले असते, तर न थांबतासुद्धा त्याला पाच तासांहून अधिक वेळ लागला असता.

बंगळूरला विमानाच्या नकाशावर आणण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरास जन्मले. लोहमार्गाची कंत्राटे, सिंदियाची जहाजे, वालचंदनगरची साखर अशा अनेक उद्योगांतून गेलेल्या या पुरुषाची १९३९ साली विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी योगायोगाने गाठ पडली आणि भारतात विमाने बांधण्याची कल्पना त्यांच्या मनाने घेतली. युद्ध पेटले होते. कारखान्याला जागा हवी होती ती समुद्रकिनाऱ्यापासून दूर आणि सुरक्षित, हवा सौम्य असलेली, विजेची सोय असलेली. म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रची वीज १९०२ पासून होती, भद्रावतीचे लोखंड होते, बंगळुरास टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली विज्ञानसंस्था होती. आणि या सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्यासारखा दूरदृष्टीचा प्रशासक होता. संस्थानाने जमीन दिली, भांडवलात भाग घेतला, आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४२ साली सरकारने वालचंदांचा भाग विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. बी पेरणाऱ्याला फळ चाखावयास मिळाले नाही. पण झाड मात्र जगले.

त्या झाडाला पाणी घालणाऱ्यांत डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव अग्रभागी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचे हे गृहस्थ जर्मनीत गटिंगेन येथे प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकून आले आणि कारखान्यात रुजू झाले. १९४२ च्या अखेरीस विज्ञानसंस्थेत विमानविद्येची शाखा सुरू झाली, तिचीही धुरा त्यांच्याकडेच आली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात उडाले. परदेशी विमान जोडणे वेगळे आणि स्वतः आखून उडविणे वेगळे. हा फरक त्या दिवशी पुसला गेला.

या कारखान्याने प्रवासाचा अवधीही प्रत्यक्ष घटविला. युद्ध संपल्यावर निकामी म्हणून उरलेली डाकोटा विमाने येथे दुरुस्त होऊन नागरी वाहतुकीसाठी बाहेर पडली. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर जाणाऱ्या डाकोटाला मुंबई-बंगळूर अंतराला तीन तासांवर वेळ लागे. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खाजगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ झाले. त्याच्या ताफ्यात १९५७ साली ताशी पाचशे किलोमीटरचे व्हायकाउंट आले आणि १९६४ साली कॅरव्हेल हे जेट विमान आले. ज्या मार्गांवर ही विमाने धावू लागली, तेथे तीन तासांचे अंतर पावणेदोन तासांवर आणि मग सव्वा-दीड तासावर येऊन ठेपले.

येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. साठाहून अधिक वर्षांपूर्वी जेट आले. त्यानंतर विमानाचा वेग फारसा वाढलेला नाही, आणि वेळापत्रकातील अवधी तर कमी होण्याऐवजी थोडा वाढलाच आहे. ताशी आठशे किलोमीटरने ८३० किलोमीटर कापावयाचे म्हणजे एक तासाचे काम. चढणे-उतरणे धरून सव्वा तास. मग उरलेला अर्धा तास जातो कोठे? तो जातो जमिनीवर आणि जमिनीच्या जवळ. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उड्डाणासाठी रांग, उतरण्यासाठी आकाशात घिरट्या, यांचा अंदाज धरूनच वेळापत्रक आखावे लागते. त्यात वाराही आपले काम करतो. पावसाळ्यात खालच्या थरात पश्चिमेचा वारा वाहतो, तर उंचावर पूर्वेचा जोरदार प्रवाह असतो. एकाच दिवशी, एकाच मार्गावर, उंचीप्रमाणे वारा साह्यही करतो आणि अडथळाही. विमानाचा वेग हवेत मोजला जातो, प्रवाशाचा वेग जमिनीवर. या दोहोंमधला फरक वारा ठरवितो.

परंतु या मार्गाच्या इतिहासात एक दिवस असा आहे की, ज्याच्यापुढे अवधीचे सारे हिशेब थिटे पडतात. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० जातीचे नवे विमान बंगळूरच्या धावपट्टीपाशी पोहोचण्याआधीच शेजारच्या गोल्फच्या मैदानावर आदळले. आकाश निरभ्र होते. विमान काही आठवड्यांपूर्वीच ताफ्यात आलेले होते. आत १४६ माणसे होती. त्यांपैकी ९२ मृत्युमुखी पडली. चौकशीत असे दिसून आले की, उतरताना इंजिने अत्यल्प शक्तीवर चालत होती, वेग घटत होता, आणि ही गोष्ट वैमानिकांच्या ध्यानात यावयास उशीर झाला. तीच जात उडविणे सरकारने काही काळ थांबविले. लँबटनच्या साखळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना प्रत्येक शंभर फुटांवर कोणीतरी वाकून पाहत होते. यंत्र जितके हुशार होत जाते, तितकी ही वाकून पाहण्याची सवय सुटण्याचा संभव वाढतो. त्या ९२ जणांसाठी मुंबई-बंगळूर हे अंतर पुरे झालेच नाही. नव्या यंत्राचा पल्ला माणसाच्या सवयीने गाठेपर्यंत जो काळ जातो, तोही प्रवासाच्या अवधीतच मोजावयास हवा, ही या दिवसाची शिकवण आहे.

त्या विमानाला ज्या धावपट्टीवर उतरावयाचे होते, ती कारखान्याचीच धावपट्टी होती. मुंबईहून बंगळूरला विमानाने जाणारा प्रवासी कित्येक दशके वालचंदांनी उभारलेल्या कारखान्याच्या अंगणातच उतरत होता. २००३ साली बंगळुरास एअर डेक्कन ही स्वस्त विमानसेवा निघाली आणि जे आजवर आगगाडीने जात होते तेही विमानतळावर दिसू लागले. अंगण अपुरे पडले. २४ मे २००८ रोजी शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाला. पुढे त्याला नगराचे संस्थापक केंपेगौडा यांचे नाव देण्यात आले. देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान.

या स्थलांतरात एक गंमत झाली. जुना विमानतळ मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ८५० किलोमीटरवर होता. नवा विमानतळ उत्तरेकडे सरकल्यामुळे हवाई अंतर सुमारे वीस किलोमीटरने घटले. जेटला या वीस किलोमीटरांना दीड मिनिट पुरते. उलट शहराच्या मध्यापासून जुना विमानतळ दहा किलोमीटरच्या आसपास होता, तर नवा पस्तीस किलोमीटरवर आहे. आणि त्या जादा वाटेला, रहदारीप्रमाणे, तास-सव्वा तासही लागू शकतो. आकाशात दीड मिनिट वाचले आणि रस्त्यावर तास गेला. प्रवास विमानतळापासून विमानतळापर्यंत धरावयाचा की घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत, यावर अवधीचे उत्तर अवलंबून आहे.

शहाजीराजांच्या काळी अंतर अवधीने मोजीत, कारण अंतर मोजण्याचे साधनच नव्हते. लँबटनने ही गाठ सोडविली आणि अंतराला त्याचे स्वतंत्र माप दिले. आज अंतर इंचापर्यंत ठाऊक असूनही बंगळुरात कोणाला विमानतळ किती दूर असे विचारले, तर उत्तर किलोमीटरांत येत नाही. ‘दीड तास’ असेच येते. सव्वादोनशे वर्षांनंतर अंतर पुन्हा अवधीच्या भाषेत बोलू लागले आहे. जेथे साधनांची उणीव होती तेथे आता गर्दीचा अतिरेक आहे, एवढाच काय तो फेर.

मराठीत एखाद्याला आधार न देता सोडून देण्यास ‘अंतर देणे’ असे म्हणतात. दोन नगरांमधील मैल कधी कमी होत नाहीत. त्यांनी एकमेकांना अंतर द्यावे की नाही, हे मात्र माणसांच्या हाती असते. सोलापूरच्या उद्योजकाने, हसूरच्या अभियंत्याने आणि म्हैसूरच्या दिवाणाने ते दिले नाही, म्हणून दीड महिन्याचे पावणेदोन तास झाले. पुढील पिढीने हा अवधी आणखी दहा मिनिटांनी घटविला किंवा न घटविला, तरी त्यात फारसे काही अडत नाही. निघालेला प्रत्येक जण सुखरूप पोहोचावा, याची चिंता मात्र प्रत्येक शंभर फुटांवर वाकून पाहणाऱ्याच्याच दक्षतेने वाहिली गेली पाहिजे.